अकरा नारळांचा भाडेकरार

बाबांना जर्मनीचा व्हिसा मिळाला नाही.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजून पुढे चला. आमच्या घरची रीतच तशी आहे. जी गोष्ट बाबांना पसंत नाही ती घडत नाही. मागच्या साली आमच्या काकडीवर गारा पडल्या, तेव्हा बाबा बाजारात सगळ्यांना सांगत होते, "गारा शेजारच्या वावरात पडल्या. आपल्या वावरातून निस्त्या गेल्या." काकडीचे सगळे वेल जमिनीवर लोळत होते. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायचे, "झोपली हाय. दुपारची येळ हाय."

तर व्हिसा अजून यायचा आहे आणि गोष्ट आत्ता सुरू होते आहे.

आमचा मळा वाशीमच्या कडेला, रिसोड रस्त्यावर. बाबा म्हणजे उत्तमराव. ते वांगी, मेथी, काकडी पिकवतात. आई, गिरजाबाई, पहाटे जुड्या बांधून बाजारात नेते आणि गिऱ्हाइकाशी असं बोलते की एक जुडी घ्यायला आलेला माणूस तीन घेऊन जातो आणि वर माफीही मागतो. मी आदर्श, बी.एस्सी. झालोय. सध्या घरातलं परराष्ट्र खातं माझ्याकडे आहे. ते खातं निर्माण व्हायचं कारण माझी थोरली बहीण उज्ज्वला. ती नर्स आहे. तिचं सासर शेलूबाजारला, पण लग्नानंतर दोन वर्षांनी ती आणि रवी जिजाजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात गेले. ती दवाखान्यात, ते गोदामात.

मागच्या वर्षी तिचा फोन आला की घरात पाळणा हलणार. आई आनंदानं उठली आणि लगेच परत बसली, कारण तिच्या लक्षात आलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. आणि ताईला रजा मिळणार होती ती अगदी शेवटी, तेव्हा विमानवाले पोटुशा बाईला बसू देत नाहीत. एक नियम आमचा, एक त्यांचा, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

बाबांनी क्षणभर विचार केला. मग या विहिरीवरची मोटर त्या विहिरीवर न्यायची असावी अशा आवाजात म्हणाले, "पोरगी माहेरी येऊ शकत नाई, तं माहेर पोरीकडं जाईन. त्यात का अवघड हाय."

अवघड एवढंच होतं, की आमच्या माहेराकडे पासपोर्ट नव्हता.

तो मात्र सरळ मिळाला. फोटो काढणाऱ्यानं आईला हसू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे तिला जास्तच हसू आलं. शेवटी बाबांनी तिला भेंडीचा भाव सांगितला, तेव्हा फोटो निघाला. पोलीस पडताळणीसाठी जमादार मळ्यावर आले. चांगला माणूस. खाटेवर बसून त्यांनी विचारलं, "परदेशात कायले चालले, उत्तमराव?"

"बाळंतपनाले."

"कोनाच्या?"

"पोरीच्या," बाबा म्हणाले. "माहं आता वय झालं."

जमादारांनी ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. पासपोर्ट आले.

मग व्हिसाची फाईल. इथे मी थोडा अधिकारानं बोलू शकतो, कारण महिनाभर मी दुसरं काही वाचलं नाही. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येतं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक हवी. कोरी पानं हवीत. प्रवासाचा विमा हवा, आणि त्या विम्यात माणूस तिकडे वारला तर त्याला घरी परत आणायचा खर्चही असावा लागतो. हे कलम बाबांना फार आवडलं.

"म्हंजे जाताचं तिकीट आपलं," ते म्हणाले, "अन् मेलं तं येताचं त्यायचं."

आई म्हणाली, "तुमी तेवढ्यासाठी मरू नोका."

एका रविवारी दुपारी ताईनं व्हिडिओ कॉलवर पुढचं समजावलं. "बाबा, म्या इथल्या हापिसातून हमीपत्र काढते. त्याच्यात लिहिलेलं असते का तुमचं राहनं, खानं, आजारपन समदं माह्याकडं. थे जोडलं का काम सोपं होते."

बाबा मोबाईलकडे बघत राहिले. "खानं कोनाकडं?"

"माह्याकडं."

"मंग नाई जमत," बाबा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

इथे एक रीत सांगावी लागेल. लेकीला लेकरू होत नाही तोवर बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आमच्याकडची जुनी चाल. आता बहुतेकांनी ती सोडलीय. काही जण ताटाखाली रुपया ठेवतात आणि जेवतात. बाबांना तेही मान्य नाही. ते म्हणतात, "रुपया ठेवून जेवलं तं थे पोरगी नाई राह्यली, हाटेल झालं." ताई शेलूबाजारला नांदत होती तेव्हा बाबा महिन्यातून एकदा तिला भेटायला जायचे, घरून पाण्याची बाटली भरून. व्याह्यांच्या ओसरीवर बसून सगळ्यांची विचारपूस करायचे आणि जेवायच्या वेळी रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात जाऊन आलुबोंडा खायचे. व्याही आधी रागावले. नंतर तेही सोबत जाऊन आलुबोंडा खायला लागले. घरी ताटं वाढलेली असायची.

"पन बाबा," ताई म्हणाली, "आता मी जर्मनीत हाय. इथं ही रीत कोनाले माहीत नाई."

"रीत बापाची असते, गावाची नसते. बाप जिथं जाईन तिथं थे जाते."

"मंग आई?"

आई मागून म्हणाली, "मी जेवीन. मले भूक लागते."

"अवं, रीत दोघायले असते," बाबा म्हणाले.

"कन्यादान तुमी केलं," आई म्हणाली. "म्या त्या दिवशी निस्ता सयपाक पाह्यला."

त्यामुळे तो विषय निघालाच नाही.

ताईनं दुसरीकडून सुरुवात केली. "तुमी आल्यावर आठ-दहा दिवसांत लेकरू होईनच नं, बाबा. मंग तं तुमी जेवू शकता."

"तवा जेवीन. पोटभर जेवीन. पन त्या हमीपत्रात म्या पहिल्या दिवसापासून जेवून राह्यलो असं लिहिलं हाय. सही-शिक्क्यानं खोटं कायले बोलाव?"

आणि मग ती जरा हळू म्हणाली, "बाबा, मले तुमी पाह्यजे. आई तं येईनच. पन दवाखान्यात जाताना मले तुमी दारात उभे पाह्यजे."

"उभा राहीन नं," बाबा म्हणाले. "उभ्याले का लागते? खान्याचं माहं मी पाहीन."

ताई लहान असताना कुठेही जायची, शाळेत, परीक्षेला, नर्सिंगच्या मुलाखतीला, तेव्हा बाबा दाराच्या डाव्या बाजूला उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. ती बाहेर येईपर्यंत हलायचेही नाहीत. तिच्या मुलाखतीच्या वेळी त्या कॉलेजच्या शिपायानं त्यांना उमेदवार समजून टोकन दिलं होतं.

तर ठरलं की आई ताईच्या हमीपत्रावर जाईल आणि बाबा स्वतःच्या खर्चानं, सातबारा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून. खाण्याचं सामान इथून न्यायचं. मी नियम पाहिले. दूध-तुपाचं काही नेता येत नाही. त्यामुळे आईनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू तेलात वळायला घेतले. ताजी भाजीही तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाही. फक्त केळी, खजूर, अननस, नारळ आणि ड्युरियन नावाचं एक फळ यांना सूट आहे.

"वांगं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"नारळ चालते?"

"चालतो."

"नारळ आपल्याकडं पिकत बी नाई अन् त्यायच्याकडं बी नाई," बाबा म्हणाले. "दोघायले माहीत नसलेला मानूस सोडतात, अन् वळखीच्याले अडवतात."

शेवटी पीठ, डाळ आणि तिखट न्यायचं ठरलं. पण फाईल जुळत आली तेव्हा बाबांना नवीच गोष्ट सुचली. पीठ आपलं, पण भिजवायचं पाणी ताईचं. गॅस ताईचा. तवा ताईचा. म्हणजे भाकर अर्धी तिचीच झाली. दिवसभर ते वांग्यांच्या सऱ्यांमधून फिरले आणि संध्याकाळी येऊन निर्णय सांगितला.

"तिचं सयपाकघर भाड्यानं घेऊ. नळासकट. भाडेकरार केला म्हंजे थे जागा माही. माह्या जागेत माहं पानी."

मी ताईला कळवलं. ती म्हणाली, "बाबा, माहं घरच भाड्याचं हाय. पोटभाडेकरू ठेवाले मनाई हाय."

"मालकाले इचार."

मालक म्हणजे खालच्या मजल्यावर राहणारे एक एकटे म्हातारबा. ताईनं त्यांना हे सगळं त्यांच्या भाषेत समजावलं. ताई सांगते, ते अख्खा वेळ मान हलवत होते आणि शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, की तुझ्या वडिलांची उंची किती, कारण ओट्यावरचं कपाट खाली आहे आणि आधीच्या भाडेकरूचं डोकं दोनदा आपटलं होतं. उंची सांगितल्यावर त्यांनी लेखी परवानगी दिली. भाडं काय, असं विचारल्यावर मात्र ते म्हणाले की भाडं नको.

बाबांना ते पटलं नाही. फुकट घेतली तर ती भाड्यानं कशी झाली? म्हणून भाडं ठरलं दर महिन्याला एक नारळ. नारळाला तिकडच्या सरकारची मंजुरी होती, आणि नारळ दिला की मानही राहतो. म्हातारबांनी विचारलं, नारळ फोडायचा कशावर. ताई म्हणाली, ते भाडेकरू दाखवतील.

करार करायला आम्ही जगदेवभाऊंकडे गेलो. वाशीमला कोर्टाच्या बाहेर त्यांची टपरी आहे, एक कम्प्युटर, एक प्रिंटर आणि स्टॅम्पपेपर. त्यांनी आमचं ऐकलं आणि टायपिंगला बसले.

"किती म्हयने?"

"तीन," मी म्हणालो.

"तीनचा नसते."

"काहून नसते?" बाबांनी विचारलं.

"भाडेकरार अकरा म्हयन्याचा असते. दुकान घ्या, गाळा घ्या, खोली घ्या. माह्या कम्प्युटरात अकराचाच हाय."

मी म्हणालो, "मग त्याच्यातच अकराच्या जागी तीन टाका ना."

जगदेवभाऊंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "टाकतो. पन खाली नवव्या कलमात काय लिहिलं, वाच. जागा सोडाची असंन तं तीन म्हयने आधी नोटीस. म्हंजे तुहे बाबा तिकडं घरात पाय ठेवतील, अन् त्याच टायमाले त्यायले नोटीस द्या लागंन. कोनी चांगला मानूस असं करते काय?"

बाबा म्हणाले, "बरोबर हाय. पोरगी काय म्हनंन."

"पण व्हिसा नव्वद दिवसांचा असतो," मी म्हणालो. "आणि हे अकरा महिने."

"थो व्हिसा हाय, हा करार हाय," जगदेवभाऊ म्हणाले. "दोन येगळी खाती हायत. रेल्वेचं तिकीट घेतलं म्हनून कोनी गाडीच्या टायमालेच परत येते काय?"

मी हा युक्तिवाद अजूनही सोडवू शकलेलो नाही. करार अकरा महिन्यांचा झाला. भाडं: एकूण नारळ अकरा. अकरा हा आकडा शुभही निघाला, त्यामुळे बाबांना आणखी बरं वाटलं. करारात असंही होतं की भाडेकरूनं सदर जागेत जनावरं बांधू नयेत, कडब्याची गंजी लावू नये आणि शटरला स्वखर्चानं रंग द्यावा. ताईनं तिकडे प्रत छापून, सही करून परत पाठवली. शटरचा फोटो मात्र पाठवता आला नाही.

मुंबईला व्हिसा केंद्रात कागद घेणारी मुलगी अतिशय नम्र होती. आईची फाईल तिनं भराभर पाहिली. बाबांच्या फाईलमध्ये स्टॅम्पपेपर लागला तशी थांबली.

"काका, हे काय आहे?"

"सयपाकघर."

तिनं दोन पानं वाचली. "काका, याची गरज नाहीये. काढून घेता का?"

"राहू द्या. गरज नसलेलं बी कधी लागते."

"आम्ही फक्त कागद घेतो. निर्णय वकिलातीत होतो," ती म्हणाली. नियमानं ती एवढंच म्हणू शकत होती. पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाडी उतारावर सुटलीय आणि ब्रेक माझ्या पायाखाली आहे. मी बाबांना म्हणालो, "बाबा, काढून घेऊ." बाबा म्हणाले, "भीत कायले? खरं हाय थे जोडलं." त्या मुलीनं शिक्का मारला. मग तिनं, बहुधा नियमात नसताना, विचारलं, "काका, नारळ खरंच नेणार?"

"भाडं हाय नं बाई," बाबा म्हणाले. "थकवून कसं चालंन."

दोन-तीन आठवड्यांनी कुरिअर आलं. आईच्या पासपोर्टमध्ये व्हिसाचं रंगीत स्टिकर होतं, तिचा तो न हसलेला फोटो आणि भरपूर नक्षी. बाबांच्या पासपोर्टमध्ये एक घडी घातलेला कागद होता. त्यावर बरीच कारणं छापलेली होती आणि एकापुढे खूण होती. मी मराठीत करून वाचलं, "अर्जदार व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी देश सोडेल, याबद्दल रास्त शंका वाटते."

बाबांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू नीट पाहिली आणि म्हणाले, "नारळ मोजले वाटते त्यायनं."

मग कागदाची घडी परत घालून तो खुंटीवरच्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी विचारलं की म्हणायचे, "गिरजाचा आला. माहा मांगून येऊन राह्यला. मालगाडीत टाकला असंन."

मी चौकशी केली. या निर्णयाविरुद्ध फेरविचाराचा अर्ज करायची सोय पूर्वी होती, ती आता बंद झाली. कोर्टात जाता येतं, पण ते कोर्ट तिकडे. नाहीतर नवा अर्ज, नवी फी, नवी तारीख.

"शंका त्यायले हाय, मले नाई," बाबा म्हणाले. "मी वांगे टाकून तिकडं राहीन काय?" हे ते मला विचारत नव्हते. वांग्यांना विचारत होते.

आई एकटी गेली. आमच्या आईनं तोवर एकटीनं केलेला सर्वांत लांबचा प्रवास मानोऱ्याचा होता, बहिणीच्या नातवाच्या बारशाला. विमानतळावर तिनं पुढच्या बाईला विचारलं, "तुमी कोनाकडं चालल्या?" ती बाई म्हणाली, कामाला. आई म्हणाली, "बरं. मी बी कामालेच." तेलातले डिंकाचे लाडू तिच्यासोबत पोचले. बाबांनी तिच्या बॅगेत एक नारळही टाकला होता, पहिल्या महिन्याचं भाडं. म्हातारबांनी तो फोडला नाही. खिडकीत ठेवलाय. ताईनं फोटो पाठवला.

त्यानंतरचे काही दिवस घरात आम्ही दोघंच. बाबांनी रोजच्यासारखं वांगं तोडलं, बाजारात नेलं, मालगाडीची चौकशी केली. उरलेले दहा नारळ कोपऱ्यात ओळीनं होते. फोनवर ताई आता फारसं बोलायची नाही. "बरं हाय" म्हणायची आणि आईकडे द्यायची. आई सांगायची की दवाखाना चार पावलांवर आहे, दार काचेचं आहे, आपोआप उघडतं. बाबांनी विचारलं, "डाव्या हाताले उभं राह्याले जागा हाय काय?" आई म्हणाली, "हाय. तिथं कुंडी ठेवली हाय."

एके सकाळी आम्ही वांग्यात होतो. बाबा पुढच्या सरीत, मी मागच्या. ते मागे न पाहताच म्हणाले, "आदर्श, उज्ज्वलाले सांग, थ्या हमीपत्रात माहं नाव टाक म्हना."

मी उभा राहिलो. "खाणं-पिणं सगळं तिच्याकडे, असं लिहिलेलं असतं, बाबा."

"माहीत हाय."

"लेकरू व्हायच्या आधीपासून."

"म्या बहिरा नाई," बाबा म्हणाले आणि एक वांगं देठासकट नीट कापून टोपल्यात ठेवलं. "हाव म्हटलं नं."

मी लगेच ताईला फोन लावला. तिनं ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली की नेटवर्क गेलं होतं. नेटवर्क होतं, मागे रवी जिजाजींच्या कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू येत होती. तिनं धावपळ करून हमीपत्र काढलं. मी संगणकासमोर बसून व्हिसा केंद्राच्या तारखा पाहिल्या. मिळणारी पहिली तारीख ताईच्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी होती. मी पान पुन्हा पुन्हा उघडलं. जगदेवभाऊंना विचारलं. ते म्हणाले, माझ्या कम्प्युटरात हे नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी हिशेब केला. "म्हंजे तवापावतर लेकरू होऊन गेलं असंन."

"हो."

"मंग तं रीतच संपते. आपोआप."

"हो."

"म्हंजे म्या हाव म्हटलं थे फुकट गेलं."

मी म्हणालो, "फुकट नाही गेलं. ताईपर्यंत पोचलं."

बाबा म्हणाले, "मालगाडीनं नाई गेलं तं मंग."

मुलगी झाली. आईनं दवाखान्यातून फोन केला तेव्हा बाबा विहिरीजवळ मोटर बंद करायला गेले होते. मोटर तशीच चालू ठेवून ते आले. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग आईचा अंगठा, मग एक लाल, चिडलेलं, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आत्मविश्वास असलेलं तोंड. मग ताई. ताईनं हात लांब केला, आईनं त्यात पाण्याचा ग्लास दिला, आणि तो तिनं कॅमेऱ्यासमोर धरला.

"बाबा," ती म्हणाली, "आता तं प्या."

बाबांनी मोबाईल माझ्याकडे दिला. माठाकडे गेले, ग्लास विसळला, भरला आणि कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले. तिनं तिकडे ग्लास तोंडाला लावला, ह्यांनी इकडे. बाबांनी अख्खा ग्लास संपवला.

"गोड हाय पानी," ते म्हणाले. "तुमच्याकडचं."

आमच्या विहिरीचं पाणी खारट आहे. सगळ्या रस्त्याला माहीत आहे. पण आमच्या घरात ती गोष्ट घडली नाही.

आता नवा अर्ज तयार आहे. यावेळी मला शंका नाही. हमीपत्र आहे, विमा आहे, सातबारा आहे, परतीच्या तिकिटाचं आरक्षण आहे, आणि भाडेकरार नाही. रीत संपलेली असल्यामुळे बाबा उतरल्या दिवसापासून लेकीच्या घरी जेवणार आहेत, आणि काय जेवणार तेही त्यांनी ताईला कळवलंय. जगदेवभाऊ म्हणाले की अर्जासोबत एक विनंतीपत्र असलं म्हणजे फाईल भरलेली दिसते. मी सांगितलं की तसं काही लागत नाही. बाबा म्हणाले, गरज नसलेलं बी कधी लागते, आणि खाटेवर बसून सांगायला लागले. मी लिहून घेतलं. सरकारी भाषा तेवढी माझी आहे. बाकी सगळं त्यांचं:

प्रति, मा. व्हिसा अधिकारी साहेब, यांचे सेवेशी. विषय: जन्मनोंदीत दुरुस्ती होऊन मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये अर्जदार उत्तमराव, रा. रिसोड रोड, वाशीम, विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, अर्जदाराचा मागील अर्ज नामंजूर झाला असे कागदावरून दिसते, तथापि अर्जदाराने ते मनावर घेतलेले नाही व साहेबांनीही घेऊ नये. अर्जदाराची नात हॅनोव्हर मुक्कामी जन्मली असून त्या वेळी अर्जदार केवळ तारीख न मिळाल्याने गैरहजर होता, मनाने हजर होता, याबाबत दोन शेजारी साक्ष देण्यास तयार आहेत. तरी मेहेरबान साहेबांनी संबंधित कार्यालयास योग्य ते आदेश देऊन, सदर मुलीचा जन्म तिचे आजोबा दवाखान्याच्या दारात डाव्या बाजूस, कुंडी थोडी सरकवून, समक्ष उभे असताना झाला, अशी दुरुस्ती मूळ नोंदीत पूर्वलक्षी प्रभावाने करावी व दुरुस्त दाखल्याची एक प्रत अर्जदारास आणि एक प्रत अर्जदाराच्या मुलीस पोच करावी, ही नम्र विनंती.